काळ्या मातीच्या पट्ट्यासाठी पोकलेन थांबवतात, त्यात असतं काय?

साईटवाला:
बेसमेंटची खोदाई चालू आहे. खाली मध्ययुगीन वस्तीचे अवशेष असण्याची शक्यता, म्हणून परवानगीत पुरातत्त्व देखरेखीची अट. देखरेखीला आलेल्या पुरातत्त्ववाल्या मॅडम दिवसभर पोकलेनसमोर उभ्या. काल त्यांनी दातांची बकेट काढून सपाट लावायला सांगितली आणि दुपारी नुसत्या काळ्या पट्ट्यासाठी काम थांबवलं. ना नाणं, ना खापर! ऑपरेटर वैतागलाय. त्याला काय सांगू?

खापरवेडी:
मी हेच काम करते, त्यामुळे ऑपरेटरचा वैताग रोजच्या ओळखीचा आहे.

दातांची बकेट माती ओरबाडते, मग रंगातला फरक दिसतच नाही. सपाट बकेटने पातळ थर तासत मशीन मागे सरकवली की तासलेल्या जागेवर चेनही फिरत नाही. चांगला ऑपरेटर असेल तर निम्मं काम तोच करतो, हे त्याला जरूर सांगा.

आता पट्टा. जुन्या इमारतीचे दगड लोक वाया घालवत नसत, पायासकट उपसून दुसरीकडे लावत. मागे राहतो तो चर, वरून तोच पट्ट्यासारखा दिसतो. त्यात चुन्याचा चुरा, दगडाच्या कपच्या आणि वरून ढासळलेली माती. भिंत गेली तरी तिची जाडी आणि कोपरा त्या चरावरून कळतो. कडा सरळ असतील आणि पट्टा काटकोनात वळत असेल, तर मीही मशीन थांबवलीच असती. गोल डाग असेल तर खांबाचा खड्डा, विहीर किंवा कचऱ्याचा खड्डा. खापर बकेटमधून सुटं आलं तर त्याचा फारसा उपयोग नाही. कुठल्या भरावातलं आहे ते माहीत असेल, तरच त्यावरून थराचा काळ लावता येतो.

२०१३ मध्ये लंडनला क्रॉसरेल या भुयारी रेल्वेच्या कामात चार्टरहाउस स्क्वेअरला एका शाफ्टमध्ये (खाली उतरणाऱ्या उभ्या खड्ड्यात) २५ सांगाडे मिळाले. परिसरात १३४८ च्या प्लेगची दफनभूमी असल्याचं कागदोपत्री होतं, पण नेमकी जागा त्या शाफ्टने दाखवली. दातांतून प्लेगच्या जिवाणूचा डीएनएही मिळाला. ओरबाडून काढलं असतं तर नुसता हाडांचा ढिगारा हाती आला असता.

पाईलकॅप:
मी स्ट्रक्चरलवाला. माझं गाऱ्हाणं देखरेखीबद्दल नाही, उशिरा कळण्याबद्दल आहे. चाचणीखड्डे आधी घेतले तर पाईल (पायाचा जमिनीत खोल जाणारा खांब) दोन मीटर सरकवता येते, बेसमेंटची पातळी उचलता येते. पाईल घालायचं मशीन, म्हणजे रिग, उभी राहिल्यावर नाही. इस्तंबूलला येनिकापीत मारमराय रेल्वेच्या खोदाईत जुनं बंदर लागलं, ५ व्या ते ११ व्या शतकांतली ३७ जहाजं निघाली. २००९ ला धावायची रेल्वे २०१३ ला धावली. तुमचा तर एक पट्टा आहे!

साईटवाला:
कळलं. पुढच्या आठवड्यात पाणी उपसायला पंप लावतोय, त्याचाही संबंध येतो का?

खापरवेडी:
येतो, आणि पट्ट्यापेक्षा जास्त. ओल्या, हवा न लागलेल्या थरात लाकूड आणि चामडं शतकानुशतकं टिकतं, पाणी उतरलं की कुजायला लागतं. नॉर्वेत बर्गनच्या ब्रिगेन या जुन्या लाकडी वस्तीत शेजारच्या बांधकामामुळे भूजल उतरलं, खालचे मध्ययुगीन थर कुजले आणि वरच्या लाकडी इमारती खचू लागल्या. पुढे भूजल पुन्हा वर आणायला बरेच उपाय करावे लागले. पंपाचा आराखडा मॅडमना आजच पाठवा, आणि पाणी कुठल्या पातळीपर्यंत उतरवणार ते त्यात लिहा.