मदत हवी आहे: पहिली ते चौथीच्या चित्रकलेच्या तासांचं नियोजन कसं करावं?

कोरा_कागद
मंडळी नमस्कार. यंदा माझ्याकडे पहिली ते चौथीचे चित्रकलेचे तास आले आहेत. मी मुळात भाषा शिकवते. चित्रं बरी काढते, पण स्वतः काढणं वेगळं आणि पस्तीस मुलांकडून काढून घेणं वेगळं. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एकच तास, तोही चाळीस मिनिटांचा. वेगळी कलाखोली नाही, मीच पिशवी घेऊन या वर्गातून त्या वर्गात जाते. नळ व्हरांड्याच्या पार टोकाला.

कागद-रंग वाटण्यातच तासाचा पाव भाग जातो. आवरायला घेते तोवर घंटा झालेली असते, पुढच्या तासाचे सर दारात उभे आणि बाकांवर ओली चित्रं. चार-पाच जण पाच मिनिटांत ‘बाई, झालं!’ म्हणत पुढ्यात येतात, तर काही जण तास संपला तरी खोडरबर घासत असतात. चौथीत हे फारच. ‘मला येत नाही, तुम्हीच काढून द्या’ हे त्यांचं पालुपद.

आणि दर आठवड्याला नवीन काय द्यायचं? नेटवर कल्पनांचा ढीग आहे. पण आज मुखवटा, पुढच्या वेळी फुलपाखरू, मग भेटकार्ड, यातून मुलं शिकली काय असं कुणी विचारलं तर उत्तर नाही. चारही वर्गांना एकच विषय दिला तर चालेल का? एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, पाण्याचे रंग बंदच करा आणि खडूंवर भागवा. अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

तिसरी_घंटा
खडूंवर भागवू नका हो. गोंधळ रंगांमुळे होत नाही, वाटपामुळे होतो. पस्तीस जणांना एकदम पाणी दिलं की तास हातातून गेलाच.

मी वर्गाचे दोन भाग करते. निम्मे रंगवतात, निम्मे कोरडं काम करतात (तेलखडू, पेन्सिल, कातरकाम), पुढच्या तासाला अदलाबदल. लक्ष ठेवायला सोपं जातं, आणि ब्रशही निम्मेच लागतात. सामान वर्गात जाऊन वाटायचं नाही, आधीच गटागटाचे ट्रे भरून न्यायचे. पाण्याचं भांडं बुटकं, रुंद बुडाचं आणि अर्धंच भरलेलं. सोबत एक ओलं फडकं, एक कोरडं. ट्रे आणायचा-न्यायचा तो गटप्रमुखाने, बाकी कुणी जागेवरून उठायचं नाही. गटप्रमुख मात्र बदलत राहा, नाहीतर तीच चार तुरतुरीत मुलं वर्षभर मिरवतात आणि मागच्या बाकावरची नुसती बघत बसतात.

सूचना आधी, सामान नंतर. ब्रश हातात आला की कान बंद होतात, मग घसा फोडून उपयोग नाही.

आवरणं हाही धड्याचाच भाग धरा. शेवटची आठ मिनिटं त्याचीच, चित्र अपुरं राहिलं तरी. थांबवण्यासाठी मी टाळ्यांचा ठेका धरते, मुलांनी तोच परत वाजवायचा. टाळी वाजवायची तर ब्रश खाली ठेवावाच लागतो, म्हणून हे चालतं. ‘शांत बसा’ने हातातलं सामान खाली जात नाही.

पहिल्या तासाला चित्र काढायला देऊच नका, ब्रश वापरणं तेवढं शिकवा. बुडवा, भांड्याच्या काठाला निथळा, फडक्यावर टिपा, मग दुसरा रंग. पहिलीतली मुलं ब्रश खराट्यासारखा दाबून घासतात. पत्र्याच्या पट्टीच्या जरा वर धरायला लावा आणि केसांच्या टोकानेच रेघ ओढायला सांगा. काम झाल्यावर ब्रश आडवा ठेवायचा, पाण्यात केसांवर उभा करून विसरायचा नाही.

रेघोट्या
माझं सोपं असतं. फळ्यावर पायरी-पायरीने काढून दाखवतो, मुलं वहीत काढतात. सगळ्यांचं वेळेत होतं, भिंतीवर लावलं की पालकही खूश. फार तात्त्विक करू नये असं माझं मत.

गेरू_आणि_काव
रेघोट्या, सहमत नाही. भिंतीवर पस्तीस एकसारखी घरं लागतात आणि त्यातलं एकही मुलांचं नसतं. फळ्यावर दाखवायचं तर तंत्र दाखवा, चित्र नको. तेलखडू आडवा कसा फिरवायचा, दोन रंग एकावर एक कसे चढवायचे, हे दाखवून झालं की फळा पुसून टाका.

कोरा_कागद, दर आठवड्याला नवी वस्तू करायला लावणं हीच खरी गोची आहे. एक कौशल्य धरा आणि तीन-चार तास त्यालाच चिकटून राहा. उदाहरणार्थ रंगांचं मिश्रण. पहिल्या तासाला फक्त पिवळा आणि निळा. किती वेगवेगळे हिरवे निघतात ते पट्ट्यांमध्ये मांडायचं. सुरुवात पिवळ्यापासून, त्यात निळ्याचा ठिपका. उलट केलंत तर पिवळा ओतत राहाल आणि हिरवा गडदच राहील. पुढच्या तासाला त्यात पांढरा, मग चिमूटभर लाल, म्हणजे हिरवा कसा मळकट होत जातो ते दिसतं. तिसऱ्या तासाला तेच वाळलेले कागद कापून जंगलाचं कोलाज. १९४१ मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार आंरी मातिसला उभं राहून रंगवणं जड जायला लागलं, तेव्हा तो रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रं करू लागला. हे चौथीला जरूर सांगा. कातरकाम म्हणजे बालवाडीचं काम, ही त्यांची समजूत त्याने जाते.

विषय चारही वर्गांना एक चालेल, अपेक्षा एक नको. ‘माझं घर’ घ्या. दुसरीत तळाला जमिनीची रेघ, वर आभाळाची निळी पट्टी, मधला भाग कोरा, आणि भिंतीतून आतला पलंग आरपार दिसतो. ते दुरुस्त करायला जाऊ नका. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यात हे साधारण सात ते नऊ वर्षांच्या टप्प्यात येतं. नवव्या वर्षाच्या आसपास मुलाला चित्र ‘खरंखुरं’ दिसायला हवं असतं. हातातून ते उतरत नाही, मग खोडरबर निघतो. तुमच्या चौथीचं दुखणं हे आहे.

डावखुरी
छोटीशी भर. डावऱ्या मुलांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही. साध्या कात्रीचं वरचं पातं त्यांची कापायची रेघ झाकतं, म्हणून त्यांचं वाकडं जातं. आळस नसतो तो. जमलं तर एक-दोन डावखुऱ्या कात्र्या ठेवा. आणि कापताना कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा, हे सगळ्यांनाच सांगा.

कोरा_कागद
केवढं मिळालं! ट्रेची कल्पना आणि टाळ्या उद्यापासूनच. गेरू, चौथीचं दुखणं कळलं, पण औषध काय? खोडरबर काढून घेतला तर रडारड होते. आणि तुमच्या मिश्रणावरूनच आठवलं, लाल आणि निळा मिसळून जांभळा होतो असं मी वर्गात सांगितलं आणि मुलांच्या ताटल्यांमध्ये तपकिरी चिखल झाला. रंगच खराब आहेत का?

गेरू_आणि_काव
रंग खराब नाहीत, लाल चुकीचा आहे. शेंदरीकडे झुकणाऱ्या लालात पिवळ्याची छटा असते. त्यात निळा गेला की तिन्ही मूळ रंग एकत्र येतात आणि चिखलच होतो. गुलाबीकडे झुकणारा लाल घ्या, क्रिमसन किंवा मॅजेंटा, स्वच्छ जांभळा निघेल. खरं तर दोन्ही लाल द्या आणि फरक मुलांनाच शोधू द्या. तो एक अख्खा तास होतो.

चौथीसाठी: खोडरबर हिसकावू नका, जिथे तो कामाचाच नाही असं काम द्या. काळा तेलखडू किंवा पेन. स्वतःचा बूट काढून बाकावर ठेवायचा, डोळे बुटावर, हात कागदावर, आणि कागदाकडे बघायचंच नाही. सगळ्यांचीच चित्रं वेडीवाकडी येतात, हसाहशी होते, भीती जाते. मग तोच बूट पुन्हा, या वेळी बघून. नाडीची भोकं, शिवण, झिजलेली टाच असे तपशील आता दिसायला लागलेले असतात. कुणी ‘तुम्हीच काढून द्या’ म्हणालंच तर मुलाच्या कागदावर हात चालवू नका. आपल्या वेगळ्या कागदावर तेवढा तुकडा दाखवा आणि तो कागद घेऊन पुढे जा.

निळसर_करडा
धागा वाचत होतो, एक राहवलं नाही. एखादं मूल झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवत असेल तर लगेच हसू नका किंवा ‘लक्ष कुठे आहे’ म्हणू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणं मुलींपेक्षा मुलांमध्ये बरंच जास्त आढळतं, आणि प्राथमिक वयात ते कुणाच्या ध्यानातही आलेलं नसतं. खडूंवर रंगांची नावं चिकटवलीत की त्या मुलाचं निभतं. शंका वाटली तर पालकांना डोळे तपासून घ्यायला सुचवा, पण वर्गासमोर नाही.

तिसरी_घंटा
+१. ‘बाई, झालं’वाल्यांसाठी: पुढे यायच्या आधी स्वतःलाच तीन गोष्टी विचारायच्या. कोपरे रिकामे आहेत का, चित्राच्या मागे काय आहे, कुठला रंग एकदाही वापरला नाही? हे फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा, म्हणजे नुसतं बोट दाखवलं की मूल परत फिरतं. तरीही झालंच असेल तर ‘अपुऱ्या कामांची’ फाइल काढायची. मागे पडणाऱ्यांचीही तीच फाइल, म्हणजे घंटेला कुणाचं अर्धं राहिलं म्हणून रडू येत नाही.

कोरा_कागद
मिश्रणाचे तीन तास ठरले, सुरुवात तिसरीपासून. शेवटचा प्रश्न, ओल्या चित्रांचं काय करू? दोरी बांधून टांगावीत का?

तिसरी_घंटा
ओली टांगू नका, पोस्टर कलर ओघळतो. एकावर एक रचलीत तर चिकटतात. व्हरांड्यात भिंतीलगत रद्दीचे कागद पसरा, गटप्रमुखांनी चित्रं तिथे आडवी मांडायची, शाळा सुटायच्या आत उचलायची. ओल्या कामासाठी वहीचं पान नको, ते सुरकुततं. जाड कागदाचे सुटे तुकडे घ्या. आणि नाव-इयत्ता रंगवायच्या आधी, मागच्या बाजूला, पेन्सिलीने. रंगवून झाल्यावर लिहायला लावलंत तर नावाऐवजी बोटांचे ठसेच मिळतील.