धाडीत भाऊ सापडला, गुन्हा कबूल करावा का?

गणपतीत जागरणाला मित्राच्या घरी तीन पत्ती चालली होती, तिथे धाड पडली. धाकट्या भावावर अड्ड्यावर जुगार खेळल्याचं कलम ५ लावलंय, समन्स आलंय. कोर्टाबाहेर एक जण म्हणतो, "कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा." भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय.

— कसलं मोकळं? कबुली म्हणजे दोषसिद्धी. चारित्र्य पडताळणीत ती निघणारच.

— ताई, मी तालुका कोर्टात वकिली करतो. आधी दोषारोपपत्राची नक्कल घ्या, आरोपीला फुकट मिळते. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात पत्त्यांसाठी घर 'अड्डा' ठरायला घरवाल्याची त्यातून कमाई लागते, म्हणजे नाल. पंचनाम्यात नालेचा शब्द आहे का? दुसरं, कलम ६ चं विशेष वॉरंट, म्हणजे घरात शिरून झडती घ्यायची लेखी परवानगी, होती का? ते नसेल तर 'पत्ते सापडले म्हणजे अड्डाच' हे कलम ७ चं गृहीतक पोलिसांना वापरता येत नाही. आणि "रमी खेळत होतो" असली थाप नको. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, तीन पत्तीला नव्हे.

— नाल कुठेच लिहिलेली नाही दादा! पण वकिलाची फी झेपणार नाही.

— तालुका विधी सेवा समितीत मोफत वकिलासाठी अर्ज करा, उत्पन्नाचा दाखला जोडा. अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर उत्पन्नाची अटच नाही. तारीख मात्र चुकवू नका, अटक वॉरंट निघेल.