मदत हवी आहे : अमेरिकी लष्करातून निवृत्त झालेल्या व्यक्तीला भारतात सरकारी संस्थेत नोकरी

नमस्कार.

माझे पती मूळचे साताऱ्याचे. अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यावर त्यांनी तेथील लष्करात अभियंता अधिकारी म्हणून पूर्ण सेवा केली आणि आता ते पेन्शनवर आहेत. सासूबाईंचे वय झाल्यामुळे आम्ही परत येत असून केंद्र सरकारच्या एका शिक्षणसंस्थेने त्यांना पुण्यात अतिथी प्राध्यापक म्हणून बोलावले आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार तेथील सरकारी पदावरील व्यक्तीला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संमतीशिवाय परकीय सरकारचे वेतन घेता येत नाही, आणि नियमित सेवेतून निवृत्त झालेल्या सैनिकाला पुन्हा कामावर बोलावता येत असल्यामुळे तोही या बंधनात येतो. काँग्रेसने १९७७ साली कायदा करून ही संमती सशर्त देऊन ठेवली आहे : ज्या दलात सेवा केली त्या दलाचे सचिव आणि परराष्ट्रमंत्री या दोघांची मंजुरी काम सुरू करण्यापूर्वी मिळवावी लागते. मंजुरीशिवाय काम केल्यास परकीय सरकारकडून जितके पैसे मिळाले, तितकी रक्कम पेन्शनमधून रोखली जाऊ शकते. ओळखीचे लोक म्हणतात की भारत हा मित्रदेश आहे, शिवाय काम शिकवण्याचे, मग विचारतो कोण? पण कायद्यात मित्रदेशांना सूट नाही आणि सरकारी विद्यापीठेही त्यातून सुटत नाहीत. मला स्वतःला हा नियम योग्य वाटतो, म्हणूनच सर्व काही रीतसर व्हावे अशी आमची इच्छा आहे.

खरी अडचण क्रमाची आहे. परकीय लष्करात असलेल्या किंवा तेथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला भारत सरकार ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड) देत नाही, त्यामुळे माझ्याकडे ते असले तरी त्यांना रोजगार व्हिसाच काढावा लागेल. व्हिसासाठी संस्थेचे करारपत्र हवे, संस्थेला रुजू होण्याची तारीख आधी निश्चित हवी, आणि अमेरिकेची मंजुरी येईपर्यंत त्यांना तारीख देता येत नाही.

या मार्गाने गेलेले कोणी येथे असतील तर कृपया सांगावे : मंजुरीच्या अर्जासोबत नुसते देकारपत्र चालले की सही केलेला करार मागितला? करारात ‘अमेरिकी मंजुरी मिळाल्यानंतरच रुजू होतील’ अशी अट घालण्यास भारतीय संस्था तयार झाली का? दोन्ही मंजुऱ्या येण्यास साधारण किती महिने लागले?

आणखी एक प्रश्न. त्यांना एका खासगी विद्यापीठाचाही देकार आहे, पण त्या पदाचा पगार केंद्र सरकारच्या प्रकल्पनिधीतून होणार आहे. असा पगार परकीय सरकारचा मानला जातो का, याबद्दल लष्करी कायदा जाणणाऱ्या वकिलांशी कोणी बोलले असल्यास तो अनुभव आम्हाला फार उपयोगी पडेल, कारण दोन्हींपैकी कोणता देकार स्वीकारायचा हे त्यावरच ठरणार आहे.