मदत हवी आहे: तिसरी-चौथीच्या इंग्रजीच्या छापील घटक चाचण्या नीट कशा वापरायच्या?

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. दोन्ही वर्ग एकाच खोलीत, पट १९. यंदा इंग्रजीच्या घटक चाचण्यांचा छापील संच आणला. पाठ संपला की एक पान, १० गुणांचं. चार चाचण्या झाल्या. गुण नोंदवहीत चढतात, पण मुलाचं नेमकं कुठे अडतंय ते त्यातून कळत नाही.

मागच्या आठवड्यातलं सांगते. चित्र पाहून नाव लिहायचं होतं, चित्र छत्रीचं. तिसरीतल्या एका मुलीने लिहिलं: सी, एच, ए, टी, आर, आय. उत्तरसूचीप्रमाणे शून्य. पण जूनमध्ये या पोरीला एबीसीडी नुसती म्हणता यायची, अक्षर दाखवलं की गप्प. आता ती आवाजावरून अक्षर शोधतेय, तेही सी-एच जोडून! शून्य लिहिताना माझा हात अडला. शेजारच्या मुलाने अम्ब्रेलाचं स्पेलिंग बिनचूक लिहिलं, तक्त्यावरून पाठ आहे त्याला. 'अंडर' वाचायला दिलं तर एक अक्षर फुटेना. त्याला १० पैकी ९.

दुसरं म्हणजे सूचना. 'सर्कल द ऑड वन आउट', पुढे कॅट, डॉग, मँगो, काऊ. सात जणांनी चारही शब्दांना गोल केले. "यात वेगळं कोण?" असं विचारलं, तर सगळ्यांची बोटं आंब्यावर. शब्द येत होते, सूचनाच कळली नव्हती.

(संच एकच, बाकीच्या झेरॉक्स. मेंढी इतकी काळी आली की कुणी गोट लिहिलं, कुणी बेअर. मी दोन्ही बरोबर धरली.)

२०१० च्या शासन निर्णयात तिसरी-चौथीला आकारिक (शिकता-शिकता होणारं) मूल्यमापन ६० आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) ४० टक्के आहे, आणि आकारिकच्या आठ साधनतंत्रांपैकी, म्हणजे मूल्यमापनाच्या पद्धतींपैकी, चाचणी हे फक्त एक. तरी पालकांना लाल शाईतला आकडाच दिसतो, आणि घरी मुलाला बोलणी बसतात.

म्हणून विचारते: सूचना मराठीत सांगितली तर चालेल का? गुण न देता पान परत करावं का? तपासल्यावर त्या पानाचं पुढे काय करता? दोन वर्ग सांभाळून जमेल असंच सांगा.

प्रतिसाद १
ताई, सूचना खुशाल मराठीत सांगा. त्याच नमुन्याचा एक प्रश्न आधी फळ्यावर सोडवून घ्या. तिसरीच्या मुलाची परीक्षा शब्दांची घ्यायची, सूचनेची नव्हे.

एका कागदावर उभी मुलांची नावं, आडवे प्रश्न, आणि बरोबरच्या खुणा असा तक्ता करा. एका मुलाची ओळ रिकामी असेल तर त्याला जवळ घेऊन बसा. अख्खा रकाना रिकामा असेल तर तो भाग वर्गाला परत शिकवायचा. पानावर गुण घालू नका, चुकलेल्या जागी नुसता ठिपका द्या. चार-पाच दिवसांनी तेच पान, वेगळ्या रंगाची पेन्सिल. पालकांना दोन्ही रंग दाखवा. शेवटी चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवा, तोंडीकामाला होतात. छत्रीचं ते पान मात्र कापू नका, तिच्या संचयिकेत (मुलाचं निवडक काम ठेवायच्या फाईलमध्ये) लावा.

धागाकर्ती
मनापासून आभार! काल रात्री चारही चाचण्यांचा तक्ता मांडला. तिसऱ्या चाचणीत चौथ्या प्रश्नाचा रकाना जवळपास कोरा: इन, ऑन, अंडर. तो पाठ मी घाईत एका तासिकेत उरकला होता. त्यात आपल्याकडे पुस्तक टेबलावर आणि पंखाही डोक्यावर, दोन्हींना 'वर'च. मुलं पंख्यालाही ऑन लावतात. सोमवारी खडूचा डबा घेऊन परत सुरुवात करते. चौथीला तेवढा वेळ गुंतवायला काय देता, तेही कुणी सांगा.