युद्धकाळातले मथळे : हसून सोडून द्यावेत, की त्यांचा हिशेब मागावा?

कात्रणकार (चर्चाप्रस्ताव)

नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून पॅरिसकडे निघाला, तेव्हा तिथल्या सरकारी वृत्तपत्राची भाषा दिवसागणिक कशी मवाळ होत गेली, याचा किस्सा अनेकांनी ऐकला असेल. आरंभी 'नरभक्षक गुहेतून निसटला', मग 'जुलमी माणूस लियाँपर्यंत', आणि २० मार्च १८१५ रोजी 'सम्राटांचे निष्ठावंत प्रजेत आगमन'. किस्सा फर्मास आहे. अडचण एवढीच, की त्या वृत्तपत्राच्या मूळ अंकांत असे मथळे सापडत नाहीत.

अस्सल मथळे मात्र याहून कमी विनोदी नाहीत. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन प्रचारयंत्रणेने 'आर्क रॉयल' ही ब्रिटिश विमानवाहू नौका बुडाल्याचे जगाला सांगितले आणि बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकाला पदक व बढती देण्यात आली. नौका पुढे दोन वर्षांहून अधिक काळ तरंगत होती, आणि त्या बिचाऱ्या वैमानिकाची त्याच्याच हवाईदलात थट्टा होत राहिली.

परंतु माझ्या मते या प्रकारातला सर्वात बोलका मासला ऑक्टोबर १९४४ चा आहे. फोर्मोसाजवळच्या (म्हणजे आजच्या तैवानजवळच्या) हवाई युद्धानंतर जपानच्या शाही मुख्यालयाने शत्रूच्या ११ विमानवाहू नौका बुडवल्याची घोषणा केली, वृत्तपत्रांनी ती पानभर छापली, देशभर आनंदोत्सव झाला आणि खुद्द सम्राटांनी अभिनंदनाचा संदेश काढला. प्रत्यक्षात एकही विमानवाहू नौका बुडाली नव्हती. दोन अमेरिकी क्रूझर नौकांना टॉर्पेडो लागून त्या जबर जखमी झाल्या होत्या, आणि जपानची तीनशेहून अधिक विमाने नष्ट झाली होती. अमेरिकी ॲडमिरल हॉल्सी यांनी वरिष्ठांना कळवले, की टोकियो नभोवाणीने बुडवलेली आपली सर्व जहाजे वर काढण्यात आली असून ती वेगाने शत्रूच्या दिशेने 'माघार' घेत आहेत. इथवर हसू येते. पुढे असे झाले, की अमेरिकी आरमार मोडले या समजुतीवर जपानी लष्कराने फिलिपिन्समधली निर्णायक लढाई लुझोन बेटाऐवजी लेयटे बेटावर देण्याचे ठरवले, तिथले जपानी सेनापती जनरल यामाशिता यांचा विरोध डावलून तिकडे हजारो सैनिक पाठवले, आणि त्यांपैकी बहुतेक परतले नाहीत.

माझे म्हणणे असे, की युद्धातल्या खोट्या मथळ्याचा पहिला बळी शत्रू नसतो. तो छापणाऱ्यांच्याच बाजूचा असतो. सदस्यांनी आपले मत मांडावे.

शंकासुर

कात्रणकारांचा मासला उत्तम आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. त्या युद्धात अननुभवी वैमानिकांनी, बऱ्याचदा अंधारात, पाण्यावर पेटलेल्या आपल्याच विमानांना शत्रूची जहाजे समजून अहवाल दिले आणि मुख्यालयाने ते न तपासता स्वीकारले. सैनिक लेयटेला गेले ते या अहवालांमुळे. वृत्तपत्राने वेगळे काही छापण्याची सोय त्या काळच्या जपानमध्ये नव्हतीच.

मथळ्यांमुळे युद्धे होतात ही समजूत मुख्यतः वृत्तपत्रांनीच जोपासलेली आहे, कारण तीत त्यांचा मोठेपणा आहे. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबात, हवानाच्या बंदरात 'मेन' या अमेरिकी युद्धनौकेत स्फोट होऊन अडीचशेहून अधिक माणसे मेली. हर्स्ट यांच्या 'न्यूयॉर्क जर्नल' या वृत्तपत्राने दोष स्पेनवर ढकलून गुन्हेगार शोधणाऱ्यास ५०,००० डॉलरचे बक्षीस लावले. पुढे १९७६ मध्ये ॲडमिरल रिकओव्हर यांच्या अभ्यासाने बहुधा जहाजातल्याच कोळशाच्या कोठारातील आगीकडे बोट दाखवले. म्हणजे ते बक्षीस कोणाला द्यायचे, हा प्रश्न उरतोच. पण क्यूबातले स्पेनविरुद्धचे बंड १८९५ पासून चालू होते आणि स्पेनशी युद्धाचा निर्णय अमेरिकी संसदेने घेतला. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही हे आपण म्हणतोच. ते आरवले म्हणून उजाडते असेही नाही.

कात्रणकार

शंकासुर यांनी १८७० चे कोंबडे विचारात घेतलेले दिसत नाही. प्रशियाचा राजा आणि फ्रेंच राजदूत यांची एम्स या जर्मन गावी भेट झाली. तिची हकिकत सांगणाऱ्या तारेतला मजकूर प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्कने फक्त कापला, पदरचे काही घातले नाही, आणि १३ जुलैला ती वृत्तपत्राकडे दिली. कापलेल्या तारेत प्रशियाच्या राजाने फ्रेंच राजदूताचा अपमान केल्यासारखे वाटत होते. १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारले आणि २ सप्टेंबरला फ्रान्सचा सम्राट सेदान येथे कैद झाला. फ्रान्सला युद्धाची खुमखुमी आधीपासून होती हे मान्य केले, तरी मुहूर्त छापील मजकुरानेच काढून दिला.

लाटेवरचा

मला या धाग्याच्या सुराबद्दल आक्षेप आहे. फॉकलंड बेटांवरून झालेल्या युद्धात २ मे १९८२ रोजी ब्रिटिश पाणबुडीने 'जनरल बेलग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडवली, तेव्हा लंडनच्या 'द सन'ने 'गॉचा', म्हणजे 'कसे पकडले!', असा मथळा दिला. जीवितहानीचा अंदाज येऊ लागताच पुढच्या आवृत्तीत तो बदलावा लागला. मृतांचा आकडा ३२३ वर गेला. तो मथळा देणाऱ्यांनाही आपण विनोद करत आहोत असेच वाटत होते. काही दशके उलटली म्हणून आपले हसणे त्यांच्याहून सभ्य ठरते काय?

दुसरे, खोटा मथळा आपल्याच माणसांना मारतो हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. १५ सप्टेंबर १९४० च्या हवाई युद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मनीची १८५ विमाने पाडल्याची बातमी झळकली. विक्रेते असे आकडे क्रिकेटच्या धावफलकासारखे फळ्यांवर लिहीत. खरा आकडा साठच्या आसपास होता, कारण एकच विमान दोघा-तिघांनी आपापल्या नावावर मांडलेले असे. या खोट्याने कोणाचे नुकसान झाले? उलट खचलेल्या लोकांना उभारीच मिळाली.

शंकासुर

लाटेवरचे यांनी माझेच काम सोपे केले. त्याच दिवशी दुसराही एक खोटा आकडा हवेत होता. ब्रिटिशांची लढाऊ विमाने संपत आली आहेत, असा जर्मन गुप्तवार्ता विभागाचा अंदाज होता, आणि त्या भरवशावर आलेल्या वैमानिकांना समोर विमानांचे थवेच्या थवे भेटले. ब्रिटिशांचे खोटे मथळ्यात होते, जर्मनांचे नियोजनात. नुकसान झाले ते नियोजनातल्या खोट्याने. मथळ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला अन्यायाचे वाटते.

कात्रणकार

हा युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा, पण टोकियोला तो लागू होत नाही. जपानी आरमाराला काही दिवसांतच टेहळणीतून कळले होते, की शत्रूच्या विमानवाहू नौका शाबूत आहेत. नियोजनातली चूक तिथेच दुरुस्त होऊ शकली असती. परंतु विजय छापून झाला होता, सम्राटांचा संदेश निघाला होता, आणि आता लष्कराला खरे सांगायचे म्हणजे सम्राटांना खोटे पाडायचे. आरमार गप्प राहिले. अहवाल मागे घेता येतो. पानभर छापलेला विजय मागे घेता येत नाही, म्हणून पुढचे निर्णय त्याला जुळवून घ्यावे लागतात. माझा आक्षेप नेमका याला आहे.

लाटेवरचे यांना एवढेच सांगेन, की मी मेलेल्यांना हसत नाही. ११ नौका बुडवणाऱ्या कारकुनाला हसण्याचा हक्क मात्र मी सोडणार नाही.

लाटेवरचा

हक्क कबूल. पण त्या कारकुनाला शिक्षा काय झाली?

जुना अंक

शिक्षेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी युनायटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचे अध्यक्ष रॉय हॉवर्ड यांनी फ्रान्समधून महायुद्ध संपल्याची बातमी धाडली. न्यूयॉर्कचे रस्ते कागदाच्या तुकड्यांनी भरून गेले. युद्ध संपले चार दिवसांनी. हॉवर्ड पुढे एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाचे प्रमुख झाले. ७ मे १९४५ रोजी असोसिएटेड प्रेस या दुसऱ्या वृत्तसंस्थेचे एडवर्ड केनेडी यांनी लष्कराची बंदी मोडून जर्मनीच्या शरणागतीची बातमी दिली. ती अक्षरशः खरी होती. त्यांची नोकरी गेली. संस्थेने २०१२ मध्ये माफी मागितली, तोवर केनेडी यांना जाऊन ४८ वर्षे होऊन गेली होती.

शंकासुर

म्हणजे शिक्षा खोट्याची नव्हती, परवानगी न घेण्याची होती. याला तरी मथळ्याचा परिणाम कसे म्हणणार, हे कात्रणकारांनी सांगावे.