पेडल स्टील: गुडघ्याचा लिव्हर सोडल्यावर आठवी तार पूर्ण वर येत नाही, मदत हवी आहे

दहा तारांची पेडल स्टील गिटार आहे (पेडल आणि गुडघ्याच्या लिव्हरने तारांचे सूर बदलणारी), ई9 ट्यूनिंगची. चेंजर, म्हणजे तारा ताणणारी-सैल करणारी टोकाची यंत्रणा, ऑल-पुल आहे: सूर चढवणं-उतरवणं दोन्ही रॉड ओढूनच होतं. डाव्या गुडघ्याने उजवीकडे ढकलायचा लिव्हर चौथी आणि आठवी तार ईवरून ई-फ्लॅटला उतरवतो. सोडल्यावर चौथी जागेवर येते, आठवी मात्र ट्यूनरवर 8-10 सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खालीच राहते. चेंजरचा फिंगर (तार ज्यावर अडकते तो हलणारा तुकडा) बोटाने जरा दाबला की बारीक 'टक' होतं आणि सूर लागतो.

तार नवी घातली. लिव्हरची ओढ चेंजरपर्यंत नेणाऱ्या रॉडला, त्याच्या टोकाचा नायलॉनचा नट सैल करून, ढील दिली. चेंजरमधलं मेणासारखं झालेलं तेल पुसून नवा थेंब सोडला. रॉड काढून फिंगर हाताने ओढून सोडला, तरी तेच. म्हणजे दोष लिव्हरकडे नसावा. चौथीची रिटर्न स्प्रिंग (फिंगर परत जागेवर आणणारी) आठवीला लावली तर फरक 3 सेंटवर आला. आठवीच्या स्प्रिंगला पावसाळ्यात गंज चढलाय, त्यामुळे माझा संशय तिच्यावरच आहे.

मूळ पार्ट परदेशातून यायला महिना लागेल आणि मला तीन आठवड्यांत वाजवायचं आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला स्प्रिंग मिळेल, पण दुकानदाराला नेमकं काय सांगू: स्प्रिंगच्या तारेची जाडी, बाहेरचा व्यास की मोकळी लांबी, यातलं कोणतं माप तंतोतंत जुळायलाच हवं? आणि स्प्रिंग थोडी कडक निघाली, तर लिव्हर जड होऊ नये म्हणून रॉड बेलक्रँकच्या (लिव्हरबरोबर फिरून रॉड ओढणारा, भोकं असलेला आर्म) आतल्या भोकात घेतला तर गुडघ्याचा प्रवास फार वाढेल का?