आयर्लंड, दोस्तमंडळी आणि पबातलं जेवण : तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती

गेल्या जूनमध्ये आम्ही कॉलेजच्या पाच मैत्रिणी आयर्लंडला जाऊन आलो. चौघी पन्नाशीच्या आणि एक पन्नाशी मान्य न करणारी. निघण्याआधी काय काय बघायचं याच्या याद्या ढिगाने मिळाल्या होत्या. पण 'नऊनंतर जेवायला मिळणार नाही' एवढं एक वाक्य कुणी सांगितलं नाही. म्हणून हा धागा. काय पाहिलंत ते लिहाच, पण पबात काय खाल्लंत, शाकाहारी मंडळींचं कसं निभावलं, पैसे कुणी दिले आणि फजिती कुठे झाली, तेही येऊ द्या. दारू पीत असाल-नसाल, काही फरक पडत नाही. आमच्या पाचांतल्या तिघी चहावाल्याच होत्या.

सुरुवात मी करते. मोहेरचे कडे, क्लेअर परगणा. समुद्रातून सरळ उभे राहिलेले, सगळ्यात उंच जागी २१४ मीटर. आम्ही सकाळी साडेनऊला पोचलो आणि तिकीट काढून धुकं बघितलं. १८३५ साली बांधलेला ओब्रायनचा बुरूज तिथे आहे म्हणतात, आम्हाला त्याची फक्त पायरी दिसली. खालून समुद्राचा आवाज येत होता, समुद्र मात्र कुठेच नव्हता. एक मैत्रीण म्हणाली, "माळशेजला पावसाळ्यात हेच दिसतं, शिवाय कणीस मिळतं."

दुपारी तीनला पडदा सरकवावा तसं धुकं गेलं. मग मात्र आम्ही तिथून हललोच नाही. लाल-केशरी चोचीचे पफिन पक्षी दुर्बिणीतून दिसले. वाऱ्याने ओढण्या, टोप्या, संभाषण सगळं उडत होतं. ऊन इतकं लख्ख की घड्याळ बघायचं सुचलंच नाही. डूलिन गावातल्या पबात पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते आणि बाहेर आपल्याकडे पाचला असतो तसा उजेड. जूनमध्ये तिथे सूर्य दहाच्या पुढे मावळतो. सूर्य जागा असला तरी आचारी घरी गेलेला असतो, हे आम्हाला कळलं. पब उघडा, गप्पा जोरात, वाद्यं लागायला सुरुवात झालेली, पण भटारखाना नऊलाच बंद. मिळालं काय, तर चीज-कांदा चवीचे टेटोचे वेफर्स आणि खारे दाणे.

आमच्या तोंडाकडे बघून काउंटरमागच्या बाई आत गेल्या आणि ब्राउन ब्रेडचे जाड काप, लोण्याची वाटी आणि किटलीभर चहा घेऊन आल्या. हा ब्रेड यीस्टचा नसतो, सोडा आणि ताकाचा असतो. पोत जरा भरभरीत, आतून ओलसर. त्यावर लोणी, आणि लोण्यावर मैत्रिणीच्या पर्समधली सोलापुरी शेंगदाण्याची चटणी. बाईंनी एक घास मागून घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढत "ग्रँड" म्हणाल्या. तिथे सगळंच 'ग्रँड' असतं: हवा, तब्येत, पंक्चर झालेलं चाक.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही आठच्या आत जेवत होतो. बोला आता.

माळकरी

मस्त धागा. मी नोकरीनिमित्त डब्लिनला दीड वर्ष होतो. आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे आणि माझ्या गळ्यात माळ. त्यामुळे ऑफिसच्या मित्रांबरोबर पहिल्यांदा पबात जाताना आईला फोनवर "बाहेर जेवायला चाललोय" एवढंच सांगितलं.

वेस्टपोर्टला गेलो होतो त्या वीकेंडची गोष्ट. क्रो पॅट्रिकचा डोंगर चढून आलो. ७६४ मीटर, वरचा टप्पा निव्वळ सुट्या दगडांचा. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक यात्रा म्हणून हा डोंगर चढतात, काही जण अनवाणी. मला त्यात परकं काहीच वाटलं नाही. खाली आल्यावर पबात मित्रांनी पाइंट मागवले, मी चहा. शेजारच्या स्टुलावर सत्तरीचे आजोबा, त्यांच्यापुढेही चहाच. त्यांनी माझ्या माळेकडे बोट दाखवून विचारलं. मी सांगितलं: पंढरपूर, चालत जाणं, मांस-मद्य वर्ज्य. त्यांनी काही न बोलता कोटाची कॉलर उलटून दाखवली. तिथे छोटी पिन होती, येशूच्या हृदयाचं चित्र असलेली. १८९८ साली डब्लिनमध्ये दारू न पिण्याचं व्रत घेणाऱ्यांची 'पायोनियर' नावाची संघटना निघाली, त्यांची ही खूण. ते सोळाव्या वर्षापासून थेंब न घेतलेले, आणि तरी रोज संध्याकाळी त्याच स्टुलावर. मग आम्ही दोघांनी मिळून माझ्या मित्रांची चौथ्या पाइंटनंतरची इंग्रजी ऐकली.

शाकाहारींसाठी: 'व्हेजिटेबल सूप' जवळजवळ सगळीकडे असतं, गाजर-बटाटा-लीकचं घोटलेलं, बरोबर ब्राउन ब्रेड. पण पाणी कोंबडीच्या हाडांचं आहे का, हे दर वेळी विचारा. लाजू नका. ते आत जाऊन खरंच विचारून येतात.

बाजूचा स्टूल

पैशांचा विषय निघालाच आहे तर. आपलं टीटीएमएम तिथे चालत नाही! तिथे 'राउंड' असतो. एकाने उठून काउंटरवर जायचं, सगळ्यांचं आणायचं, पुढच्या खेपेला दुसरा. आम्ही पाच मित्र गॉलवेत होतो. शेजारच्या टेबलावरचा एक जण गप्पांत सामील झाला आणि त्याने आम्हा पाचांसाठी पाइंट आणले. आम्ही थँक यू म्हणालो, प्यालो, शुभ रात्री म्हणून निघालो. सहा साडेसहा युरोंचा एक, म्हणजे माणसाने तीस युरो घातले आमच्यावर. दुसऱ्या दिवशी तिथे राहणाऱ्या भावाला कौतुकाने सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला. फिरून कुणीतरी त्याच्यासाठी आणायला हवा होता, निदान विचारायला तरी. आम्ही त्या रात्री हॉटेलवर बसून आपापसांत सव्वाचार युरोंच्या चिप्सचा हिशेब स्प्लिटवाइजवर टाकत होतो, हे आठवलं की अजून लाज वाटते.

आणखी एक फजिती. गिनीज, म्हणजे तिथली काळी बिअर, भरताना पेला तिरका धरून पाऊण भरतात आणि तसाच ठेवून देतात. आत तपकिरी ढग खाली खाली उतरताना दिसतात, मग हळूहळू काळं आणि पांढरं वेगळं होतं. त्यानंतर वरचा भाग भरतात. कंपनीच्या हिशेबाने सगळे मिळून ११९.५ सेकंद. आमच्यातल्या एकाने ठेवलेला पाऊण पेला उचलून सरळ तोंडाला लावला. पबात क्षणभर शांतता पसरली. नैवेद्य दाखवण्याआधी मोदक उचलल्यावर आजी जशी बघायची, तसा तो बारमन बघत होता.

खडकवेडी

भूशास्त्र शिकवते, तेव्हा मोठी पोस्ट सहन करा.

आम्ही चौघी पुण्याहून गेलो होतो, पाचवी मैत्रीण डब्लिनमध्ये सहा वर्षं राहणारी, तिच्याकडे उतरलो. माझा सगळा हट्ट जायंट्स कॉजवेचा. ते उत्तर आयर्लंडमध्ये, अँट्रिम किनाऱ्यावर. म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये. वाटेत सीमा लागते पण दिसत नाही: चौकी नाही, दांडका नाही. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगमर्यादा किलोमीटरची मैलांत जाते, बस. पण व्हिसाचा कायदा आहेच. आम्हा चौघींच्या आयरिश पर्यटक व्हिसावर ब्रिटिश-आयरिश योजनेचा शेरा होता, त्यामुळे आम्ही जाऊ शकत होतो. आणि सहा वर्षं कर भरणाऱ्या यजमानीण बाईंकडे आयर्लंडचं निवासपत्र, ते पलीकडे चालत नाही. तिला वेगळा ब्रिटिश व्हिसा लागला असता. ती म्हणाली, "कोण बघतंय, येते." मीच नको म्हटलं. नियम मोडून दगड बघायला न्यायची माझी हिंमत नव्हती. तिने डबा भरून दिला आणि पाहुण्यांना निरोप देऊन घरी बसली. हे अजून खुपतं. जाणाऱ्यांनी आपापल्या पासपोर्टवरचा शेरा नीट वाचा.

आता दगड. सुमारे ४०,००० बेसाल्टचे खांब, बहुतेक षटकोनी, समुद्रात उतरत गेलेले. लाव्हा सावकाश आणि सारखा निवत गेला की आकसतो, उन्हाळ्यात तळं आटल्यावर गाळ तडकतो तसा तडकतो, आणि तडे वरून खाली सरकत जातात. वय सहा कोटी वर्षांच्या आसपास. १९८६ पासून जागतिक वारसा. मी गुडघ्यावर बसून एका खांबाच्या माथ्यावर तळहात ठेवला. मधोमध खळगा, त्यात वाटीभर समुद्राचं पाणी, पाण्यात एक इवलीशी गोगलगाय.

आणि त्याच वेळी मला राग आला, तो आपलाच. अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे. तेच बेसाल्ट, तसेच खांब, साठएक मीटर उंच, वयाने कॉजवेपेक्षा थोडं थोरलंच. वर गावदेवीचं देऊळ, चहूबाजूंनी इमारती. मी तिथे विद्यार्थ्यांना घेऊन जाते तेव्हा रिक्षावाल्याला पत्ता सांगताना देवळाचंच नाव घ्यावं लागतं.

तिथली दंतकथा मात्र झकास आहे. फिन मॅककूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडच्या राक्षसाशी लढायला हा रस्ता बांधला. पण प्रतिस्पर्धी आपल्याहून थोराड आहे हे कळल्यावर घाबरून घरी आला. बायकोने त्याला दुपटं गुंडाळून पाळण्यात घातलं. स्कॉटिश राक्षस आला, बाळाचा आकार बघितला, बाप केवढा असेल या विचाराने रस्ता उखडत पळाला. समुद्रापलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरही तसेच खांब आहेत, म्हणजे गोष्ट रचणाऱ्याने निरीक्षण चांगलं केलं होतं.

जेवण बुशमिल्सला. इथे पौंड चालतात, युरो घेतलेच तर त्यांच्या दराने. 'चॅम्प' खाल्लं: कुस्करलेला बटाटा, दूध, लोणी आणि पातीचा कांदा, मधे खळगा करून त्यात वितळतं लोणी. मी लाल तिखट मागितलं. त्यांनी मिरपूड दिली. डबा परतीच्या वाटेवर गाडीत उघडला, कोथिंबीरवडी होती. कुणीच काही बोललं नाही.

तारकर्लीकर

आयर्लंडात टॅक्सीवाल्याला 'मालवण' सांगून बघा! माझ्या टॅक्सीवाल्याला ते माहीत नव्हतं, पण "तुमच्या लिओ वराडकरांच्या वडिलांचं वराड गाव आमच्याच तालुक्यात," म्हटल्यावर गडी मागे वळून बघायला लागला. मीच त्याला म्हटलं, रस्त्याकडे बघ. २०१७ला ते पंतप्रधान झाले तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते आणि २०१९च्या शेवटी ते वराडला येऊनही गेले. टॅक्सीवाल्याने त्यांच्याबद्दल स्वतःचं मत सविस्तर सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

गॉलवेला सप्टेंबरात गेलो, कालवांचा हंगाम. बर्फावर मांडलेली, लिंबाची फोड, बाकी काही नाही. माझा चुलतभाऊ पुटपुटला, "अरे, ह्यां जित्तां आसा!" त्याने डोळे मिटून गिळलं आणि दुसरं मागवलं. आपलं कालवांचं सुकं ते सुकंच, पण समुद्राची एवढी स्वच्छ चव मी आधी घेतली नव्हती. सीफूड चाउडरही खा: दुधा-सायीचं घट्ट कालवण, त्यात धुरावलेला मासा. तिरफळाची आठवण येणारच, ती येऊ द्यावी.

दोन पोरांची आई

लहान मुलं बरोबर असतील तर लक्षात ठेवा, पंधरा वर्षांखालच्या मुलांना पालकांसोबत पबात बसता येतं, पण रात्री नऊपर्यंत, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. आम्ही ऑक्टोबरात होतो. पावणेनऊला माझ्या धाकट्याच्या पुढ्यात चिप्सची नवी प्लेट आली. पुढची पंधरा मिनिटं त्याने आयुष्यात पहिल्यांदा पटापट खाल्लं. कायद्याचे आभार.

दादऱ्याचा ठेका

धागाकर्ती, तुम्ही डूलिनला गेलात आणि संगीतावर एकच वाक्य? मी त्याच गावातली माझी गोष्ट सांगतो.

आम्ही चार तबला शिकणारे मित्र. पबात शिरलो तर खच्चून गर्दी, पण कोपऱ्यातलं एक टेबल चक्क रिकामं. आम्ही बसलो. जेवण मागवलं: गिनीजमध्ये शिजवलेलं बीफ स्टू, एकासाठी बकरीच्या चीजचं सॅलड. दहा मिनिटांनी एक बाई फिडलची पेटी घेऊन आल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या. मग बासरीवाला. मग बोरान, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा डफ, घेतलेला एक पोरगा. तिघंही हसत उभे. कुणी ऊठ म्हणेना. शेवटी मागून एक जण कानात म्हणाला, "ते वादकांचं टेबल आहे, राजांनो." वाटलं, हातातल्या स्टूच्या वाडग्यात शिरावं.

तिथे मंच नसतो. वादक टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात, श्रोत्यांकडे पाठ गेली तरी चालतं. जेवणारे जेवतात, बोलणारे बोलतात. एक धून दोन-तीनदा, मग न थांबता दुसरी. कोण बदलतो, कशी खूण होते, तासभर शोधत होतो. फिडलवाल्या बाई फक्त भुवई उचलायच्या. जिग, म्हणजे तिथली नाचाची धून, लागली की सहाची चाल, आम्ही चौघं मांडीवर नकळत दादरा धरलेला. बोरानवाल्याने ते पाहिलं. एक हात आतून कातड्याला लावून तो स्वर चढवतो-उतरवतो, दुसऱ्या हातात दोन्ही टोकांनी वाजणारी छोटी काठी. आपल्या डग्गीवर मनगट घासतो तीच गंमत, फक्त उभ्यात.

मग एका म्हाताऱ्याने बसल्या जागी डोळे मिटून गायला सुरुवात केली, साथीला काहीच नाही, भाषा आयरिश. काउंटरवरची काचसुद्धा वाजायची थांबली. कुणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही चमचे खाली ठेवले. गाणं संपल्यावर टाळ्यांआधी एक बारीक हुंकार उठला, आपल्याकडे 'क्या बात है' म्हणतात तसा.

नंतर त्या पोराने बोरान माझ्याकडे सरकवला. मी हात जोडून नाही म्हटलं. मित्र म्हणतात, वाजवायला हवा होतास. मला अजूनही नाही वाटत.

धागाकर्ती

दादऱ्याचा ठेका, आम्ही त्या रात्री वाद्यांकडे पाठ करून शेंगदाणे मोजत होतो हो. मान्य.

मोहेरला सप्टेंबरात जाणाऱ्यांनी जवळच्या लिस्डूनवार्नाला चक्कर मारा, तिथे दर वर्षी त्या महिन्यात चक्क लग्नं जुळवायचा उत्सव भरतो. आमच्यातल्या पन्नाशी मान्य न करणारीने तारखा लिहून घेतल्या आहेत.